खेळाडूंचें वेतन : वाजवी कीं अवाजवी?

2024 सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अरबस्तानांतील जेद्दा शहरीं इंडियन प्रीमियर लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला, आणि लखनौच्या संघानें ऋषभ पंत या यष्टिरक्षकासाठीं 27 कोटि रुपये मोजले. हा आंकडा ऐकून ज्याच्या तोंडून ‘काय हा अनर्थ!’ असे उद्गार निघाले नाहींत असा गृहस्थ विरळा. शाळामास्तर जन्मभर मुलें घडवितो, शिपाई सीमेवर प्राण पणाला लावतो, शेतकरी सर्वांस अन्न पुरवितो. आणि दोन महिने चेंडू टोलविणाऱ्याला एवढें द्रव्य? हा प्रश्न केवळ मत्सरांतून निघतो असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या मुळाशीं न्यायबुद्धि आहे. म्हणूनच त्याचें उत्तर त्राग्यानें न देतां हिशेबानें द्यावें, असें मला वाटतें.

प्रथम हें द्रव्य येतें कोठून तें पाहूं. या स्पर्धेचे सामने दाखविण्याचे हक्क 2023 ते 2027 या पांच वर्षांकरितां 48,390 कोटि रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींहून अधिक. ही रक्कम देणाऱ्या कंपन्या ती वर्गणीदारांकडून व जाहिरातदारांकडून वसूल करतात. आणि जाहिरातदार ती कोणाकडून वसूल करतो, हें साबणाची वडी विकत घेतांना आपण स्वतःलाच विचारावें. शिक्षक एका वेळीं चाळीस-पन्नास मुलांना शिकवितो. खेळाडूचा एक फटका त्याच क्षणीं कोट्यवधि लोक पाहतात. प्रत्येकाच्या खिशांतून नकळत गेलेली चिल्लर एका ठिकाणीं सांचली म्हणजे तिचा डोंगर होतो. हा डोंगर खेळाडूच्या सद्गुणांचें माप आहे असें मानणें चूक होय. तें आपल्याच कुतूहलाचें माप आहे.

आतां या डोंगरांतून खेळाडूंच्या पदरीं किती पडतें? 2025 च्या हंगामाकरितां प्रत्येक संघाला खेळाडू मिळविण्यासाठीं 120 कोटींची मर्यादा घातलेली होती. संघ दहा, एकूण रक्कम 1,200 कोटि. सामन्यागणिक मिळणारें मानधन त्यांत मिळविलें, तरी प्रक्षेपणाच्या वार्षिक उत्पन्नाचा पांचवा हिस्सासुद्धां भरत नाहीं. तिकिटांचें उत्पन्न तर निराळेंच. अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या खेळाडूंनीं संघटना उभारून उत्पन्नाचा सुमारें निम्मा भाग करारानें मिळविला आहे. तेव्हां ‘खेळाडूला कमी द्या’ असें म्हणणाऱ्यानें पुढचें वाक्यहि पुरें करावें : मग अधिक कोणाला द्यावें? वांचलेलें द्रव्य शाळामास्तराच्या घरीं जाणार नाहीं. तें संघाच्या मालकाच्या तिजोरींत राहील. आणि मालकाला पाहण्यासाठीं कोणी तिकीट काढीत नाहीं.

खेळाडूच्या हातीं कांहींच नसे असेहि दिवस आपल्याकडे होऊन गेले आहेत. 1952 सालीं विनू मंकड यांना लँकेशायरमधील हॅसलिंग्डन क्लबाकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलावणें आलें होतें. इंग्लंडच्या दौऱ्यावर आपली निवड नक्की होईल काय, असें त्यांनीं आपल्या क्रिकेट मंडळाला विचारलें. मंडळानें हमी दिली नाहीं, म्हणून त्यांनीं क्लबाशीं करार केला. पुढें लीड्सच्या कसोटींत आपले चार गडी एकहि धांव होण्यापूर्वीं बाद झाले, तेव्हां मंकडांची आठवण झाली. क्लबानें त्यांस मोकळें केलें, आणि लॉर्ड्सवर त्यांनीं 72 व 184 धांवा काढून वर एका डावांत पांच गडीहि बाद केले. 1983 सालीं आपण विश्वचषक जिंकला, तेव्हां विजयी वीरांना साजेसें बक्षीस देण्याइतका पैसा मंडळापाशीं नव्हता. लता मंगेशकर यांनीं दिल्लींत गाण्याचा कार्यक्रम केला, आणि त्याच्या उत्पन्नांतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. तो काळ मोठा निर्लोभ होता, असें आपण कौतुकानें म्हणतों. त्या निर्लोभपणाचा खर्च मात्र खेळाडूच्या संसारावर पडत होता.

येथवर मीं खेळाडूची वकिली केली. आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. आणि त्यासाठीं 1952 हें साल सोडण्याचें कारण नाहीं. त्याच वर्षीं कराडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कुस्ती खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढें 1955 सालीं खाशाबा पोलीसखात्यांत नोकरीस लागले. 1984 सालीं त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. त्यांच्या पदकाला बाजारांत गिऱ्हाईक नव्हतें, एवढ्यावरून तें पदक हलकें ठरतें काय?

त्यानंतर 72 वर्षांनीं, 2024 सालीं, कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिस येथें नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. ते रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत होते. पदकानंतर राज्य शासनानें त्यांना एक कोटि रुपये जाहीर केले, तें उचितच झालें. परंतु पदकानंतर मिळणारें द्रव्य आणि पदकापूर्वीं लागणारें द्रव्य यांत मोठें अंतर आहे. तालमींतल्या पोराला दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोज लागतो. तो कुस्ती जिंकल्यावर देतां येत नाहीं. बक्षीस फळाला मिळतें, पण पाणी मुळाला घालावें लागतें.

तेव्हां माझा निर्णय असा आहे. 27 कोटींचें वेतन देणाराला परवडतें म्हणूनच तो देतो, आणि खेळाडूनें तें निःसंकोच घ्यावें. परंतु बाजाराला ठरवितां येते ती गर्दीची किंमत. कष्टांची आणि योग्यतेची कदर करणें हें समाजाचें काम आहे, आणि तें समाजाला करतां येतें. 2022 सालीं आपल्या क्रिकेट मंडळानें स्त्रियांना पुरुषांइतकेंच, म्हणजे कसोटी सामन्यास 15 लाख रुपये, मानधन देण्याचें ठरविलें. हा निर्णय कोणत्याहि लिलावांत झाला नाहीं. कांहीं माणसें एकत्र बसलीं आणि हें न्याय्य आहे असें त्यांनीं ठरविलें. शासनाची तिजोरी, नगरपालिकेचें अंदाजपत्रक आणि तुमचा-आमचा खिसा यांनाहि असें ठरविण्याची मोकळीक आहे.

म्हणून, श्रोतेहो, पुढच्या लिलावाचा आंकडा ऐकून आपणांस संताप आला, तर तो वायां दवडूं नका. त्या संतापासह आपल्या गांवच्या तालमीपर्यंत चालत जा, आणि वस्तादांना एवढेंच विचारा, ‘पोरांच्या खुराकाची काय व्यवस्था आहे?’ खाशाबांसाठीं एका प्राचार्यांना घर गहाण ठेवावें लागलें. पुढच्या खाशाबासाठीं तशी पाळी कोणावर येऊं नये, इतकें आपण सर्वांनीं मिळून केलें तरी पुष्कळ झालें.