रोटी म्हटलं की पोळी नव्हे: स्कारबरोतलं एक त्रिनिदादी दुकान

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे 'अं… म्हणजे…' झालं होतं, ते तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय खाण्याचा आहे. मी टोरंटोच्या पूर्वेकडच्या स्कारबरो भागात राहतो. इथे जागोजागी एक पाटी दिसते: 'रोटी शॉप'. नवीन आलो तेव्हा वाटलं, वा, पंजाबी ढाबा असणार! नोव्हेंबरची थंडी, ऑफिसमधून उशिरा सुटलेलो, घरी फ्रीजमध्ये फक्त दही. शिरलो आत.

आत चार टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर क्रिकेटचं कॅलेंडर. काउंटरमागे साठीच्या एक आंटी. मी म्हटलं, 'दोन रोटी आणि एक भाजी.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'दोन? एक तरी संपव आधी!'

आली ती रोटी म्हणजे चौकोनी पुडकं, जवळजवळ अर्ध्या विटेएवढं. मोठ्या मऊ पोळीत बटाटा आणि चण्याची करी भरून पाकिटासारखी घडी घातलेली. त्रिनिदादच्या दुकानात 'रोटी' म्हणजे हे अख्खं जेवण. पंधरा डॉलरच्या आत पोट गच्च.

आणि इथे मी माती खाल्ली. पैसे देताना शहाणपणा करत म्हटलं, 'छान आहे, पण आमच्याकडची खरी रोटी अशी नसते.' आंटी हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'बाळा, ही माझ्या आजीची रोटी आहे. ती खोटी कशी?'

सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण त्यांनी शब्द वापरला तो 'आजी'. मी चमकलो. विचारलं, 'आजी म्हणजे?' 'वडिलांची आई. तुमच्याकडे काय म्हणतात?' मी म्हटलं, 'आजीच.'

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे दुकान कळत नाही. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी 1834 ते 1838 दरम्यान संपली. उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. मग हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' नावाचं जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला पोचलं. 1917 पर्यंत अशी एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं तिथे गेली. बहुतेक जण आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले, कलकत्त्याहून जहाजात चढलेले. पाच वर्षांचा करार, तीनेक महिन्यांचा प्रवास. बरेचसे परत आलेच नाहीत. आजही त्रिनिदादमध्ये 30 मेला सार्वजनिक सुट्टी असते.

म्हणूनच तिथल्या इंग्रजीत 'आजी-आजा' आहेत, 'भाजी' आहे, 'बैगन चोखा' आहे. जिऱ्याला 'गीरा' म्हणतात. डाळीला फोडणी देणं म्हणजे 'चुंके', आपलं हिंदीतलं 'छौंकना'. कणकेच्या गोळ्याला 'लोया'. भाषा घरात बोलायची थांबली, पण स्वयंपाकघरात राहिली.

आता ऑर्डर कशी करायची ते सांगतो, म्हणजे माझ्यासारखी फजिती होणार नाही. पहिला प्रश्न येतो: धालपुरी की पराठा? धालपुरी म्हणजे पिवळ्या वाटाण्याची डाळ अर्धवट शिजवून, कोरडी दळून, जिरं-लसूण-हळद घालून मैद्याच्या गोळ्यात भरायची आणि लाटायची. कृती ओळखीची वाटली ना? पुरणपोळीच, फक्त तिखटमिठाची. पराठ्याला तिथे 'बस अप शट' म्हणतात, म्हणजे 'फाटका शर्ट'. तव्यावरच लाकडी उलथन्यांनी बडवून त्याच्या चिंध्या करतात. तो करीत बुडवून खायचा.

दुसरा प्रश्न: आत काय? बकरा, चिकन, बटाटा-चणा, भोपळा. शाकाहारी लोकांची चंगळ आहे. तिसरा प्रश्न: 'पेपर?' म्हणजे मिरचीचा सॉस. इथे कोल्हापूरचा अभिमान बाजूला ठेवा आणि 'स्लाइट' म्हणा. ती स्कॉच बॉनेट मिरची आहे, लवंगी नाही. मी पहिल्यांदा 'भरपूर' म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअप मीटिंगला मी नव्हतो, एवढंच सांगतो.

तर मी दर शुक्रवारी जायला लागलो. एका टेबलावर एक म्हातारे अंकल नेहमी असायचे. मी मुंबईकडचा कळल्यावर म्हणाले, 'गावस्कर!' 1971 साली पोर्ट ऑफ स्पेनला गावस्करची पहिली कसोटी, 65 आणि नाबाद 67, आणि वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय. ते मैदानात होते. मी विचारलं, 'तुम्ही कोणाच्या बाजूने होतात?' म्हणाले, 'सकाळी वेस्ट इंडिज, दुपारी सांगता येत नाही.'

एका शुक्रवारी आंटींनी विचारलं, 'तू कॉम्प्युटरवाला ना? मग एक गाव शोधून दे.' त्यांच्याकडे पणजोबांच्या प्रवासपत्राची झेरॉक्स होती. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव. साल 1874, जिल्हा गाझीपूर. ठाण्याच्या जागी घडी पडून अक्षरं गेलेली. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं.

मला वाटलं, एका वीकेंडचं काम. जनगणनेतली गावांची यादी घेतली, उच्चाराच्या जवळची नावं काढणारी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली. गाझीपूर जिल्ह्यात दोन गावं निघाली. मी इतका खूश! सोमवारी आंटींना सांगणारच होतो. मग सहज म्हणून जिल्ह्याचा इतिहास वाचला. बलिया हा वेगळा जिल्हा झाला 1879 साली, त्याआधी त्याचा मोठा भाग गाझीपूरमध्येच होता. प्रवासपत्र 1874 चं. म्हणजे मी आजचा नकाशा घेऊन त्यांचं गाव शोधत होतो. बलिया धरून पुन्हा स्क्रिप्ट चालवली, तर यादी झाली अकरा गावांची.

आता सांगायचं काय? एक मोह झाला, खरं सांगतो. त्यातलं एक गाव गंगेच्या अगदी काठावर होतं, फोटो सुंदर होते. 'हेच' म्हटलं असतं तर कोणी तपासणार नव्हतं. त्यांना आनंद झाला असता. पण ज्या बाईला मी 'खरी रोटी अशी नसते' म्हणालो होतो, तिला आता खोटं गाव देणार?

अकरा नावांचा कागद छापून दिला. सगळं समजावलं. त्या बराच वेळ वाचत राहिल्या, एकेक नाव मोठ्याने म्हणत, चुकीच्या उच्चारांत. मग म्हणाल्या, 'काल एकही नव्हतं. आज अकरा आहेत.' कागद गल्ल्यामागच्या भिंतीवर, क्रिकेटच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला. त्या दिवशी धालपुरीचे पैसे घेतले, पण भोपळ्याची भाजी वरून दिली.

ठाण्याचं नाव मिळालं तर यादी लहान होईल. त्रिनिदादच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. आंटींचा भाचा तिथे राहतो, तो जाऊन बघणार आहे. काही कळलं तर पुढच्या भागात सांगेन.

तोवर एक काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना मूळ गाव, तालुका आणि तेव्हाचा जिल्हा विचारा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. 'तेव्हाचा' हा शब्द विसरू नका. आणि कुठे रोटी शॉपची पाटी दिसली, तर आत जा. धालपुरी, बटाटा-चणा, स्लाइट पेपर. एकच मागा. भेटू पुढच्या भागात.