मीटर कुणाच्या नावावर?

(हिंगोली येथे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक विचारते. खोलीचं लाईट बिल स्वतःच्या नावावर येतं, अशा किती जणी आहेत? हात वर करा. दोन. नवऱ्याच्या नावावर? चार-पाच. बाकी सगळ्या मालकाच्या मीटरवर. म्हणजे बहुतेकींनी आपल्या विजेचं बिल डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला मोजतो.

मला विषय दिलाय तो प्रीपेड बरं की बिल बरं, असा. प्रीपेड म्हणजे मोबाइलसारखं. आधी पैसे भरा, पैसे संपले की लाईट बंद. केंद्राच्या २०२१ च्या योजनेतून राज्यभर असे स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं होतं. लोकांनी विरोध केला आणि जून २०२४ मध्ये त्या वेळचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. त्यानंतर घरोघरी बसू लागले ते स्मार्ट मीटर, पण बिलाचे. तेव्हा तुम्ही म्हणाल, संपला विषय. मला तसं वाटत नाही. का ते माझ्याच गोष्टीवरून सांगते.

मी २०११ साली दोन मुलांना घेऊन सेनगावकडून हिंगोलीला आले. नवऱ्याचं घर सोडलं होतं. एका जुन्या घरात खोली मिळाली. ओळीनं पाच खोल्या, पाच बिऱ्हाडं, मीटर एक, मालकाच्या नावावर. भाड्याबरोबर लाईटचे तीनशे रुपये आगाऊ द्यायचे. बोअरची मोटर त्याच मीटरवर, मालकाचा फ्रीजही त्याच मीटरवर. बिल दाखवा म्हटलं की मालक म्हणायचे, "बाई, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

एका एप्रिलात शेजारच्या बिऱ्हाडाचे पैसे थकले. मालकांनी फ्यूज काढून खिशात घातला. त्या लाईनीवर आम्ही तीन खोल्या होतो. कोपऱ्यातल्या मावशी मोटरच्या मशीनवर ब्लाऊज शिवायच्या, लग्नसराईचे दिवस. त्यांनी पैसे वेळेवर दिलेले. दोन दिवस मशीन बंद, गिऱ्हाईक दारात. आणि भांडण मालकाशी झालं नाही बरं का, आपसांतच झालं. तुझा कुलर रात्रभर चालतो, तुझ्याकडे पाहुणे फार येतात, हिनं हीटर आणलाय. मीही बोलले. बाळंतीण होती एका खोलीत, तिचा पंखा काढला आम्ही त्या भांडणात. आजही आठवलं की लाज वाटते.

आता सांगा, ते काय होतं? आधी पैसे आणि नाही दिले तर अंधार. प्रीपेडच होतं की! सरकारनं आणायच्या आधीपासून भाडेकरू बायका प्रीपेडवरच राहताहेत. फरक एवढाच, की यंत्राच्या जागी मालक.

यात नुकसान किती होतं बघा. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला सुमारे दुप्पट. हिशेबापुरते ६ आणि १२ रुपये धरू. तीन बिऱ्हाडं, प्रत्येकीचे ८० युनिट. वेगवेगळे मीटर असते तर सगळे २४० युनिट सहाच्या दरानं, १,४४० रुपये. एकाच मीटरवर पहिले १०० सहानं, उरलेले १४० बारानं, म्हणजे २,२८० रुपये. आठशे चाळीस रुपये जास्त, तेही काटकसर करून! वेगळ्या मीटरला दरेकीचा स्थिर आकार लागतो हे खरं, सव्वाशे-दीडशेच्या आसपास. तो वजा केला तरी फायदा आपलाच. (मालकाच्या फ्रीजचं मी अजून धरलेलंच नाही.)

दुसरं नोटिशीचं. वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं तरी कंपनीला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. पण ही नोटीस येते ग्राहकाला. आपण ग्राहक नाहीच, आपण 'खोलीतली बाई'. आपल्यासाठी पंधरा मिनिटंही नसतात.

प्रीपेडच्या बाजूनंही बोलायला हवं. रोजंदारीवरच्या बाईला शंभर-दोनशेचा रिचार्ज झेपतो, दोन हजारांचं बिल एकदम झेपत नाही. कायद्यानं प्रीपेड घेणाऱ्याला अनामत भरावी लागत नाही. तरी मला ते नको वाटतं. इंग्लंडात गरीब घरांतून असे मीटर वर्षानुवर्षं आहेत. बिल थकलेल्यांच्या घरात कोर्टाचं वॉरंट घेऊन शिरायचं आणि मीटर बसवायचा, हे तिथं इतकं वाढलं की २०२३ च्या सुरुवातीला बोभाटा होऊन जबरदस्ती थांबवावी लागली. तिथं पैसे संपले की माणसं गुपचूप अंधारात, थंडीत बसतात. कंपनी म्हणते, आम्ही कुठं तोडली? आणि आपल्याकडे रिचार्ज करणार कुणाच्या फोनवरून? फोन त्याच्या खिशात, तो हळदीच्या कामाला वसमतला, आणि घरात लेकराला ताप.

म्हणून माझा प्रश्न आधी हा, की मीटर कुणाच्या नावावर? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून गावोगाव बोललो. आपल्याकडे तर सातबाराच नाही. पण लाईट बिल मिळू शकतं. टाकलेल्या बाईला रेशनकार्डासाठी, मुलांच्या दाखल्यासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायला काय असतं? तो एक कागद मोठा असतो.

आणि तो मागायचा हक्क आहे. त्याच कायद्याचं कलम ४३ म्हणतं, जागेचा मालक किंवा भोगवटादार अर्ज करू शकतो. भोगवटादार म्हणजे तिथं राहणारी, म्हणजे तुम्ही. मालक संमतीपत्र देत नाही म्हणून वीज नाकारता येत नाही, अर्जदार तिथं राहते का एवढंच बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. खिडकीवर "एनओसी आणा" म्हणतील, तेव्हा हे सांगायचं आणि नकार लेखी मागायचा. पुढं ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, विद्युत लोकपाल आहेत.

मालकांची भीती मला कळते. बिल भाडेकरूच्या नावावर गेलं की खोली बळकावतील. लाईट बिलानं मालकी मिळत नाही, हे त्यांना घरी जाऊन, चहा पिऊन समजावू. खोली खाली करा म्हणाले तर? ही खरी अडचण आहे. एकटीनं अर्ज केला तर तसं होणारच. म्हणून एका घरातल्या सगळ्या बिऱ्हाडांचे अर्ज एकाच दिवशी जायला हवेत.

बुधवारी दुपारी इथंच बसू. भाडेपावती, करारनामा, आधार, जे असेल ते आणा. ज्यांच्याकडे पावतीच नाही, त्यांनी या महिन्याचं भाडं देताना आधी पावती मागा. आणि मालकाकडून मागच्या महिन्याचं बिल बघायला मागा. नाही म्हणाले तरी येऊन सांगा काय म्हणाले ते.