पित्याचे नाव आणि पित्याचे कर्तव्य



छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. विद्याध्ययनासाठी गुरुगृही निघालेल्या या मुलाने आईला आपले गोत्र विचारले. जबालेने ते आपल्याला ठाऊक नसल्याचे मोकळेपणाने सांगितले आणि माझ्याच नावावरून स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव, असा सल्ला दिला. मुलाने गौतम ऋषींपुढे तेच जसेच्या तसे सांगितले. सत्यापासून न ढळणाऱ्या त्या मुलाला ऋषींनी शिष्य करून घेतले. ही कथा आपण कौतुकाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या कथेत आईच्या सत्यनिष्ठेची परीक्षा झाली, मुलाचीही झाली. बापाची मात्र झाली नाही. त्याच्याविषयी कोणी प्रश्नसुद्धा विचारला नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या तिसऱ्या माणसाविषयी, आणि त्याला शोधून काढण्याच्या कायद्याच्या वाटेविषयी.

विवाहित दांपत्याच्या मुलाला बाप सिद्ध करावा लागत नाही. कायदाच तो त्याला देतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमाने असे ठरविले की, विवाह अस्तित्वात असताना, अथवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आईने दुसरा विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल त्या पतीचेच होय. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तेथेही ११६ व्या कलमात हाच नियम कायम आहे. अविवाहित मातेच्या मुलासाठी असे कोणतेही गृहीतक नाही. जे इतरांना जन्मतः मिळते, ते त्याला पुराव्याने मिळवावे लागते.

समजा, एखाद्या शहरात एक स्त्री व एक पुरुष भाड्याच्या खोलीत तीन वर्षे एकत्र राहिले. लग्नाचे वचन होते, लग्न मात्र झाले नाही. मूल झाले आणि थोड्याच दिवसांत तो पुरुष दुसऱ्या गावी निघून गेला. आता ही स्त्री काय करू शकते?

पहिली गोष्ट म्हणजे, ती मुलासाठी पोटगी मागू शकते. आपला फौजदारी कायदा या बाबतीत फार पूर्वीपासून स्पष्ट आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमाने ऐपत असलेल्या बापावर औरस आणि अनौरस अशा दोन्ही मुलांच्या पोषणाचा भार टाकला होता. १९७३ च्या संहितेत तीच तरतूद १२५ व्या कलमात आली, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. हे कलम हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी सर्वांना सारखेच लागू आहे. पूर्वी पोटगीला महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ साली काढून टाकण्यात आली. अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, आणि जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात करावयाचा असतो. तो पुरुष आज इंदुरास असो वा हैदराबादेस, मुलाच्या आईबरोबर तो शेवटी ज्या जिल्ह्यात राहिला, तेथेही अर्ज चालतो. बाप गाव सोडून गेला म्हणून आईने त्याच्या मागे धावत जावे, असे कायदा म्हणत नाही.

परंतु हा माणूसच मुलाचा बाप आहे, हे मात्र दाखवावे लागते. येथे पुष्कळ स्त्रिया खचतात. लग्नाचा दाखला नाही म्हणजे पुरावाच नाही, असा त्यांचा समज असतो. वास्तविक खुनाच्या खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा येथे लागत नाही. संभवाचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, हे न्यायालय पाहते. खोलीचा भाडेकरार, त्याने लिहिलेली पत्रे, पाठविलेल्या पैशांच्या नोंदी, प्रसूतीच्या वेळी इस्पितळाच्या कागदावर केलेली त्याची सही, शेजाऱ्यांची साक्ष या सर्वांना मोल आहे. अशा स्त्रीने कागदाचा एकही चिटोरा फाडून टाकू नये.

याखेरीज आज विज्ञान साहाय्यास आले आहे. डीएनए चाचणीने पितृत्वाचा निर्णय जवळजवळ निश्चितपणे होऊ शकतो. तरीही न्यायालये ही चाचणी सरसकट करावयास सांगत नाहीत. रक्ततपासणीचा आदेश नेहमीची बाब म्हणून देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले. पुढे २००३ साली असे ठरले की, न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते, आणि तो मोडणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढू शकते. २०२३ साली याच न्यायालयाने मुलाच्या खाजगीपणाचा विचार पुढे मांडला: पतिपत्नींच्या भांडणात मुलाला पुराव्याची वस्तू बनविता येणार नाही. ही सावधगिरी मला योग्य वाटते. विवाहात जन्मलेल्या मुलाला चाचणीने बाप गमावण्याचे भय असते. पण अविवाहित मातेच्या मुलाला गमावण्यासारखे काही नसते. त्याला फक्त मिळवावयाचे असते. तेव्हा मुलाच्या रक्षणासाठी घातलेल्या या कुंपणाचा आडोसा जबाबदारी टाळणाऱ्या पुरुषाला मिळू नये, एवढी काळजी घेतली पाहिजे.

पोटगी मिळाली म्हणजे वारसाहक्क मिळाला, असे मात्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अनौरस मूल आईशी व आपल्या सख्ख्या भावंडांशी संबंधित मानले जाते. बापाच्या मिळकतीत त्याला वारसा मिळत नाही. याला दोन मोठे अपवाद आहेत. विवाहविधी झाला पण तो कायद्याने निरर्थक ठरला, तर त्या विवाहाची संतती औरस मानली जाते, आणि आईबापांच्या मिळकतीत तिला वाटा मिळतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या हिश्शाला जे आले असते, त्यातही तिचा हक्क पोहोचतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले. दुसरे असे की, स्त्रीपुरुष दीर्घकाळ पतिपत्नीसारखे एकत्र राहिले असतील, तर त्यांचा विवाह झाला होता असे न्यायालय गृहीत धरते. अशाच एका जोडप्याच्या मुलाला २०२२ साली त्या न्यायालयाने वाटा मिळवून दिला. परंतु आपल्या उदाहरणातील मुलासारखे, ना विधी ना दीर्घ सहवास, असे मूल वारशाच्या दारातच उभे राहते. ही उणीव संसदेनेच दूर करावयास हवी.

आता दुसरी बाजू. एखाद्या मातेला बापाचे नावच सांगावयाचे नसेल तर? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अशा मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच ठरविली आहे. ६ जुलै २०१५ रोजी एका ख्रिस्ती मातेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पालकत्वासाठी अर्ज करणाऱ्या अविवाहित मातेवर बापाचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाच्या जन्माचा दाखला दिला पाहिजे. महाराष्ट्रात १ मे २०२४ व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम झाला आहे. जबालेने जे धैर्याने केले, ते आज राज्याच्या नोंदवहीत येऊ लागले आहे.

या दोन गोष्टींत विरोध आहे, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. नाव ही ओळख आहे. ओळखीला आई पुरेशी आहे. पोषण हे कर्तव्य आहे. त्यातून बाप सुटू शकत नाही. नाव न सांगण्याचा हक्क आईचा, आणि बापाकडून पोषण मागण्याचा हक्क मुलाचा. बापाचा शोध घ्यावयाचा तो आईचा कलंक पुसण्यासाठी नव्हे, तर मुलाची भाकर, वह्यापुस्तके आणि औषधपाणी यांसाठी होय.

शेवटी एका शब्दाविषयी. २०२३ च्या नव्या संहितेत कलमांचे क्रमांक बदलले, पण औरस आणि अनौरस हा भेद शब्दांत तसाच राहिला. कृत्य आईबापांचे, आणि विशेषण मात्र मुलाला! कायद्याची भाषा बदलेल तेव्हा बदलो. आपल्या घरातली, शाळेतली आणि कचेरीतली भाषा आपण आजच बदलू शकतो. शाळेच्या प्रवेशअर्जात बापाच्या नावाची जागा रिकामी दिसली, तर लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर करून मुलाकडे रोखून पाहू नये. सत्यकामाच्या गुरूने त्याला बापाचे नाव पुन्हा विचारले नाही. त्याला आश्रमात घेतले. आपण एवढे जरी केले, तरी पुष्कळ होईल.