येहूचे पत्र

इब्री धर्मग्रंथातील ‘राजे’ या दोन पुस्तकांत राजवध इतके आहेत की वाचणाऱ्याला त्यांचा हिशेब ठेवणे कठीण जावे. जिम्री नावाचा सरदार धन्याला मारून अवघे सात दिवस राजा झाला! या साऱ्यांत येहूचे प्रकरण निराळे. कारण तेथे तलवारीइतकेच काम पत्राने केले आहे.

काळ इ. स. पूर्व ८४१ च्या सुमाराचा. अलीशा या संदेष्ट्याने धाडलेल्या तरुणाने सेनापती येहूला राज्याभिषेकाचे तेल लावले. येहूने यिज्रेलकडे रथ पिटाळला. इस्राएलचा राजा योराम बाणाने पडला. त्याचे प्रेत नाबोथाच्या शेतात टाकविण्यात आले. ते शेत बळकावण्यासाठी राजमाता ईजबेलीने पूर्वी आपला पती अहाब याची मुद्रा उमटवून गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिली होती, आणि त्यांनी खोटे साक्षी उभे करून निरपराध नाबोथाचा जीव घेतला होता. यहूदाचा राजा अहज्याही येहूच्या तावडीतून सुटला नाही. ईजबेलीने मात्र डोळ्यांत काजळ घालून खिडकीतून येहूला ‘जिम्री’ म्हणूनच हाक मारली. मग सेवकांनीच तिला खाली लोटले.

उरले शोमरोनातील अहाबाचे सत्तर वंशज. येहूने तेथील कारभाऱ्यांना लिहिले, यांतील योग्य तो गादीवर बसवा आणि लढा. कारभाऱ्यांनी घाबरून शरणागती कळविली. मग दुसरे पत्र आले: धन्याच्या पुत्रांची मस्तके घेऊन उद्या यिज्रेलला या. इब्री भाषेत मस्तक म्हणजे प्रमुख असाही अर्थ होतो. अर्थ विचारण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही; टोपल्या भरून रवाना झाल्या. सकाळी वेशीजवळच्या दोन ढिगांपुढे उभा राहून येहू लोकांना म्हणाला, धन्याला मी मारले. पण यांना कोणी मारले? पत्र कसे लिहावे, हे त्याला पुरते ठाऊक होते!

गंमत अशी की, १९९३ साली तेल दान येथे सापडलेल्या शिलालेखात एक अरामी राजा योराम व अहज्या यांच्या वधाचे श्रेय स्वतःकडे घेतो, असे बहुतेक विद्वान मानतात. ‘राजे’चा कर्ता येहूच्या कृत्याला ईश्वराची संमती देतो आणि त्याच्या वंशाला चार पिढ्यांचे राज्य. होशेय संदेष्टा मात्र यिज्रेलच्या रक्ताचा जाब येहूच्याच घराण्याकडे मागतो. या घराण्यातला शेवटचा राजा जखऱ्या सहा महिने टिकला. त्याला शल्लूमने मारले. शल्लूमला महिन्याभरात मनहेमाने.