काळजाचं बळ

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं वर नेता येईनात. भर पावसात, निसरड्या पायवाटेनं जवान आणि आसपासचे ट्रेकर चढले, कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसत राहिले. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले. त्या कामाला नुसतं मनगटाचं बळ पुरलं नसतं.

जे वाचले, त्यांची परीक्षा त्याहून अवघड. अतीव दुःखानं हृदयाचा स्नायूही काही काळ दुबळा पडू शकतो. डॉक्टर त्याला ताकोत्सुबो म्हणतात. म्हणून शोकातल्या माणसाला एकटं सोडू नका. जवळ बसा, त्याचं ऐका. मन फारच खचलं, तर १४४१६ वर ‘टेली-मानस’ या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.