चार दिवसांची चाकरी

नोकरीसाठी अर्ज करताना मनुष्याने आपल्या पूर्वीच्या चाकरीचा किती तपशील द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. जेथे पाचदहा वर्षे काढली, त्या जागांचा उल्लेख कोणीही अभिमानाने करील. परंतु जेथे आठवडाभरही पाय टिकला नाही, त्या जागेचे काय? कारकुनाच्या किंवा विक्रेत्याच्या बाबतीत हा प्रश्न बव्हंशी ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवता येतो. मालमोटार चालवणाऱ्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेच्या कायद्याने तो तसा सोपवलेला नाही. असे का झाले आणि ते कितपत न्याय्य आहे, याचा विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेतील लांब पल्ल्याचा चालक पुष्कळदा मैलांच्या हिशेबाने पगार घेतो. चाक फिरेल तेवढी मिळकत. माल चढण्याची वाट पाहत गोदामाच्या दारात गेलेले तास अनेकदा पदरचेच जातात. नोकरीवर घेताना दर पंधरवड्यास घरी जाता येईल असे सांगितलेले असते आणि प्रत्यक्षात महिना लोटला तरी घराचे दर्शन होत नाही. त्यामुळे नोकऱ्या बदलणे या व्यवसायात नित्याचेच आहे. मोठ्या लांब पल्ल्याच्या वाहतूक कंपन्यांत वर्षाकाठी चालक बदलण्याचे प्रमाण २०१० नंतरच्या अनेक वर्षांत ९० टक्क्यांच्या आसपास होते. अशा परिस्थितीत एखादा चालक दहाव्या दिवशी किल्ल्या परत करतो आणि पुढच्या अर्जात ते दहा दिवस गाळून टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब असतो.

कायद्याला हा हिशेब मान्य नाही. आंतरराज्य वाहतुकीच्या नियमांप्रमाणे चालकाने अर्जात मागील ३ वर्षांतील सर्व मालकांची नावे, पत्ते, नोकरीच्या तारखा आणि ती सोडण्याचे कारण द्यावयाचे असते. अवजड वाहनाच्या विशेष परवान्यावर काम करावयाचे असेल, तर त्यापूर्वीच्या आणखी ७ वर्षांत ज्यांची अशी वाहने चालवली, त्यांचीही माहिती द्यावी लागते. इतक्या दिवसांहून कमी चाकरी असल्यास ती सोडून द्यावी, अशी सवलत त्यात कोठेही नाही. अर्जातील मजकूर खरा व पूर्ण आहे, असे लिहून चालक खाली सही करतो. पूर्ण हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लिहिलेले प्रत्येक अक्षर खरे असूनही एक ओळ गाळल्यास ती सही खोटी ठरते.

या कडकपणाला इतिहास आहे. पूर्वी तेथील काही चालक निरनिराळ्या राज्यांचे परवाने एकाच वेळी बाळगीत आणि आपले गुन्हे त्यांवर वाटून टाकीत. मग कोणत्याही एका परवान्यावर भार दिसत नसे. १९८६ साली कायदा करून ही सोय बंद करण्यात आली आणि एका चालकास एकच परवाना असे ठरले. भरलेल्या गाडीचे वजन ३६ टनांपर्यंत जाते. असे वाहन ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याच्या मागील वाटचालीत अंधाराची जागा राहू नये, हा त्यामागील हेतू आहे. नवव्या दिवशी अपघात करून दहाव्या दिवशी निघून गेलेला चालक आणि घरच्या आजारपणामुळे दहाव्या दिवशी निघून गेलेला चालक, हे दोघेही ती ओळ गाळू लागले, तर त्यांच्यातील भेद कळण्यास मार्गच उरत नाही.

शिवाय कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. नव्या मालकाला ३० दिवसांच्या आत जुन्या मालकांकडे चालकाच्या सुरक्षिततेविषयी चौकशी करावी लागते. जुन्या नोकऱ्यांची माहिती जमवून ती पुरवणाऱ्या खाजगी संस्थाही तेथे आहेत. गाळलेला आठवडा अशा वाटेने उघडकीस आला, म्हणजे तो दहा दिवसांत का निघून गेला हा प्रश्न मागे पडतो आणि त्याने ते लपवले का, हा प्रश्न पुढे येतो. पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर असू शकते. दुसऱ्याला समाधानकारक उत्तर देणे फार कठीण.

एवढ्यावरून सारा भार चालकाच्याच शिरावर टाकला, तर मात्र तो अन्याय होईल. समजा, १० तासांची सलग विश्रांती आणि त्यानंतर फार तर ११ तास वाहन चालवणे हा नियम मोडण्यास मालकाने सांगितले आणि चालकाने नकार देऊन नोकरी सोडली. अशी दहा दिवसांची चाकरी त्याच्या सचोटीचा पुरावाच आहे, आणि अशा नकाराबद्दल चालकास शिक्षा होऊ नये म्हणून १९८२ सालीच कायदा झाला आहे. पण जुना मालक चौकशीच्या उत्तरात हे लिहीलच असे नाही. यासाठी २००४ पासून चालकास तीन हक्क मिळाले: जुन्या मालकाने काय कळवले ते पाहण्याचा, चूक असल्यास दुरुस्ती मागण्याचा, आणि दुरुस्ती नाकारल्यास आपले म्हणणे त्या कागदास जोडण्याचा. माहिती पुरवणाऱ्या संस्थांच्या नोंदींना आव्हान देण्याची तरतूद १९७० च्या कायद्यात आहे. ज्याने मुळात ती चाकरीच नाकारली, त्याला मात्र आपली बाजू मांडण्यास जागाच उरत नाही.

मालकाचेही कर्तव्य यातूनच निघते. अर्जात सोडण्याचे कारण विचारले जाते, ते वाचण्यासाठी. पाच वर्षांत एक अल्प चाकरी आणि एका वर्षात पाच अल्प चाकऱ्या, या दोहोंत अंतर आहे. केवळ दिवस मोजून अर्ज बाजूस टाकले, तर सुक्याबरोबर ओलेही जळते आणि पुढचा अर्जदार लपवण्यास शिकतो. खोट्या अर्जांबद्दल तक्रार करणाऱ्याने खऱ्या अर्जाला आपल्या दारी काय मिळते, हेही पाहावे.

कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत आज पंजाबातून गेलेल्या चालकांची संख्या मोठी आहे. ते ज्या देशातून गेले, तेथे मालमोटारी बहुतांशी लहान मालकांच्या असतात आणि चालक ओळखीपाळखीने ठेवला जातो. तोंडी शिफारशीत आपुलकी असते. पण तोंडी बदनामीला उत्तर देण्याची सोय नसते. कोणी काय सांगितले, हे चालकास कळतही नाही. आपल्याकडे कधी लेखी नोंदींची पद्धत रुजली, तर चालकाकडून पूर्ण माहिती मागताना त्याच्या उत्तराचा हक्कही त्याच कागदावर लिहिला गेला पाहिजे.

तोवर अर्ज भरणाऱ्या चालकाला इतकेच सांगता येईल की, वाहन चालवले असेल, तर ते दहा दिवसही लिहावेत. तारखा अचूक द्याव्यात, कारण एका ओळीत द्यावे आणि जुन्या मालकाची निंदा टाळावी. त्या एका ओळीमुळे एखादी नोकरी हातची जाईलही. पण जी मिळेल, ती उघडकीस येण्याच्या भयावाचून करता येईल.