सात जण, चार त्रिकुटे

एका मंडळात सात कार्यकर्ते आहेत असे समजू. आठवडाभर रोज तिघांची पाळी लावायची; अट एवढीच, की कोणतेही दोघे नेमके एकदाच एकत्र यावेत. हे जमते. प्रत्येकाला इतर सहा जण दोघादोघांनी भेटतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या येतात.

आता कोणीही एक जण गावाला गेला, तर त्याच्या तीन पाळ्या वजा जाऊन चार उरतात, आणि त्या चारही बाकीच्या सहा जणांतच! सहा जणांत चार त्रिकुटे, ही दाटी गणितज्ञांना नको असते.

का? संगणकाच्या डिस्कसंचात माहितीच्या प्रत्येक डिस्कचा ताळा तीन वेगळ्या डिस्कवर ठेवता येतो. अशा दाटीतल्या चार डिस्क एकदम बिघडल्या, तर प्रत्येक ताळ्यात दोन-दोन नोंदी गहाळ होतात आणि माहिती परत मिळत नाही.

सात जणांत दाटी अटळ आहे. नऊ जणांत ती टळते. अशी पाळी कितीजणांत लागते, हे टॉमस कर्कमन यांनी १८४७ साली सिद्ध केले. त्या संख्यांपैकी सात आणि तेरा वगळता सर्वत्र ही दाटी टाळता येते, हे २००० साली ठरले. याहून मोठ्या दाट्याही एकाच वेळी टाळता येतील का, असे पॉल एर्डिश यांनी १९७३ साली विचारले होते. उत्तर २०२२ साली चौघा तरुण गणितज्ञांनी दिले: होय, माणसे पुरेशी असतील तर!